युद्धनौकेचं प्लॅस्टिक किट कसं पारखावं

हिंगणघाटच्या यार्डात कापसाची गाडी लागली की खरेदीदार वरचा पांढराशुभ्र थर बघून भाव सांगत नाही. तो कोपरापर्यंत हात आत घालतो, खालचा मूठभर कापूस बाहेर काढतो, चिमटीत धागा ओढून लांबी बघतो, मुठीत दाबून ओल बघतो आणि मगच बोलतो. माझे वडील आयुष्यभर त्या गाडीजवळ उभे राहिले, म्हणून ही पारख मी लहानपणापासून पाहिली. पुढे मला जहाजांच्या मॉडेलचा नाद लागला तेव्हा कळलं की किटचंही तसंच असतं. खोक्यावर उसळत्या लाटा आणि आग ओकणाऱ्या तोफा दिसतात. खाली काय आहे ते हात घातल्याशिवाय कळत नाही.

आमच्याकडून मुंबईचा समुद्र जवळपास आठशे किलोमीटर. दुकानात जाऊन खोकं उघडून बघावं अशी सोय गावात सोडा, तालुक्यालाही नाही. किट ऑनलाइन मागवायचं, ते आलं की परतीची मुदत संपायच्या आत पारखायचं, आणि ठेवायचं की परत करायचं ते ठरवायचं. हे सगळं तीन-चार दिवसांत आणि घरच्या घरी करावं लागतं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मी ज्या क्रमाने बघतो तोच क्रम इथे देतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. किटमधले दोष दोन जातींचे असतात. काही दोष पॉलिश पेपर, पुट्टी आणि दोन संध्याकाळी दिल्या की जातात. काही दोष साच्यातच असतात: माप चुकलेलं, आकार चुकलेला, अंग पिळलेलं. पहिल्या जातीच्या दोषांची लांबलचक यादी बघून घाबरू नका. दुसऱ्या जातीचा एकच सापडला तरी थांबा. नवा माणूस नेमकं उलटं करतो. कडेला लोंबणारी प्लॅस्टिकची पापुद्री बघून तो किटला नावं ठेवतो, आणि जहाज सात मिलिमीटर आखूड आहे हे त्याला कधी कळतच नाही.

मागवण्याआधी

स्केल समजून घ्या. स्केल म्हणजे मॉडेल खऱ्या जहाजाच्या कितव्या हिश्शाएवढं आहे ते माप. युद्धनौकांच्या किटमध्ये दोन मापं जास्त चालतात, १/७०० आणि १/३५०. बोलताना आपण ‘सातशेचं’ आणि ‘साडेतीनशेचं’ म्हणतो. सातशेची चाल रुजवली ती जपानमधल्या शिझुओकाच्या कंपन्यांनी. १९७१ मध्ये तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी यांनी मिळून वॉटरलाइन मालिका काढली. एकेका कंपनीने वेगवेगळी जहाजं वाटून घेतली, पण माप सगळ्यांनी एकच ठेवलं. या मालिकेतलं जहाज पाण्याच्या रेषेपर्यंतच असतं, खालचा भाग नसतो. त्यामुळे ते टेबलावर ठेवलं की पाण्यात बसल्यासारखं दिसतं. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीची जुनी जहाजं १/६०० ची आहेत. त्याहून जुन्या काळात जहाज खोक्याच्या मापाला कापायची पद्धत होती, म्हणून रेव्हेल कंपनीचं मिसूरी हे अमेरिकी जहाज १/५३५ असं अडनिड्या मापात येतं. अशी किटं वाईटच असतात असं नाही, पण शेल्फवर दुसऱ्या जहाजाशेजारी ठेवली की जोडी जुळत नाही.

साच्याचं वय शोधा. खोकं नवं, चित्र नवं आणि आतला साचा पन्नास वर्षांचा, हे या धंद्यात सर्रास चालतं, आणि त्यात बेकायदेशीर काहीही नाही. तामियाचं साडेतीनशेचं यामातो (दुसऱ्या महायुद्धातली जपानी युद्धनौका) एक जुन्या साच्यातलं आहे आणि एक २०११ मध्ये नव्याने केलेल्या साच्यातलं. नाव तेच, कंपनी तीच, जहाज तेच, पण हातात घेतल्यावर दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. वस्तूचा क्रमांक बघितल्याशिवाय मागवू नका. किट हातात आल्यावर हलच्या (जहाजाच्या मुख्य अंगाच्या) आतल्या बाजूला किंवा स्प्रूच्या (सगळे भाग जिला लटकलेले असतात त्या चौकटीच्या) पट्टीवर कोरलेलं साल दिसतं का तेही बघा. बहुतेकदा ते साच्याचं साल असतं. खोक्यावर मात्र छपाईचं साल असू शकतं.

“काका, जुना साचा असन तर सस्तं भेटते ना?” असं माझा पुतण्या विचारतो. भेटतं, आणि हात बसवायला ते चांगलंही असतं. फक्त जुनं आहे हे माहीत असून घ्या, नवं समजून घेऊ नका.

आणि एक खास आपल्या मुलखासाठी: एप्रिल-मेमध्ये मागवू नका. ही किटं पॉलिस्टायरीनची असतात. ते खऱ्या अर्थाने मऊ व्हायला नव्वद-शंभर अंश लागतात, पण लांब पातळ भाग दाबाखाली त्याच्या बऱ्याच आधी वाकतो. आपल्याकडे सावलीतच पंचेचाळीस अंश असतात. बंद गाडीत किंवा टिनाच्या छपराखाली काय होत असेल याचा विचार करा. माझं पहिलं मोठं जहाज मेमध्ये आलं. पार्सल तालुक्याला तीन दिवस पडून होतं आणि त्यावर दुसरी खोकी रचलेली होती. घरी आणून बघतो तर हलचा एक भाग धनुष्यासारखा वाकलेला. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ सगळ्यात बरा.

खोकं उघडताना

जमिनीवर पांढरी चादर अंथरा. गोधडीवर उघडू नका, दोन मिलिमीटरची तोफ तिच्या टाक्यात अडकली की सापडत नाही. मोबाइलवर चित्रण सुरू करूनच चिकटपट्टी कापा. पिशव्या फोडण्याआधी बाहेरून बघा, काही सुटं पडलं आहे का ते कळतं. मग माहितीपत्रकात स्प्रूचा नकाशा असतो तो काढा. एकेक स्प्रू नकाशाशी ताडून बघा आणि एखादा भाग अर्धवट भरला गेला आहे का ते शोधा. साच्यात प्लॅस्टिक पूर्ण पोचलं नाही तर तोफेचं टोक किंवा काठीचा शेंडा गायब असतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या तासात होतं.

हल: लांबी आणि सरळपणा

सगळ्यात मोठी पारख इथेच होते, म्हणून घाई करू नका. जहाजाची खरी लांबी मीटरमध्ये घ्या, तिचे सेंटिमीटर करा आणि स्केलने भागा. यामातोची एकूण लांबी २६३ मीटर, म्हणजे सातशेमध्ये ३७.६ सेंटिमीटर आणि साडेतीनशेमध्ये ७५.१. जर्मनीची बिस्मार्क २५१ मीटर, म्हणजे ३५.९ आणि ७१.७. आपली जुनी विक्रांत २१३ मीटर होती, तर सातशेमध्ये तिचं मॉडेल ३०.४ सेंटिमीटर भरायला हवं. शाळेची पट्टी पुरते. डेकची (जहाजाच्या वरच्या सपाट तळाची) मधली रेष धरून नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या, टोकापासून पिछाडीच्या टोकापर्यंत मोजा. एक-दीड मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो. पाच मिलिमीटर निघाला तर साचा करणाऱ्याने कशाच्या आधारावर काम केलं याची शंका घ्या.

रुंदीही मोजा, ती बहुतेक लोक विसरतात. यामातोची रुंदी ३८.९ मीटर, म्हणजे सातशेमध्ये साडेपाच सेंटिमीटरच्या थोडं वर. त्या जहाजाचं सगळं रूपच त्या रुंदीत आहे. मधून बघताना ते अजगरासारखं फुगलेलं दिसलं पाहिजे. लांबी बरोबर आणि रुंदी कमी असेल तर जहाज काडीसारखं वाटतं, आणि ते कुठल्याच पुट्टीने भरून निघत नाही.

आता सरळपणा. घरातली सपाट काच घ्या, आरशाचीही चालेल. वॉटरलाइन हल तिच्यावर ठेवून खालून कागद सरकवून बघा. कागद कुठे अडतो, कुठे सहज जातो हे कळलं की वाक कळला. मग नाळेपासून पिछाडीपर्यंत दोरा ताणून धरा, गवंडी भिंतीला सूत धरतो तसा. डेकची मधली रेष दोऱ्याखाली राहिली पाहिजे. शेवटी हल डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघा, बैलगाडीचा दांडा निवडताना बघतात तसं.

केळीसारखा एकाच दिशेचा वाक असेल तर तो काढता येतो. भाग हाताला सोसवेल त्याहून थोड्या जास्त गरम पाण्यात धरा, हळूहळू उलटा दाबा आणि तसाच धरून थंड पाण्यात बुडवा. उकळतं पाणी वापरू नका. माझा मेमधला हल मी असाच बऱ्यापैकी सरळ केला. पण पीळ असेल, म्हणजे नाळ एका कुशीवर आणि पिछाडी दुसऱ्या कुशीवर झुकलेली असेल, तर किट परत करा. पीळ काढताना तो एका ठिकाणाहून निघतो आणि दुसरीकडे जाऊन बसतो.

सांधे

काहीही न चिकटवता जोडून बघणं हीच खरी परीक्षा. हलच्या दोन बाजू असतील तर त्या रबरांनी बांधा आणि डेक वर ठेवा. खालची फट पुट्टीने भरली तर कोणाला दिसणार नाही, तिची काळजी करू नका. डेक आणि हल जिथे भेटतात त्या कडेची फट मात्र वाईट. ती भरायची तर घासावं लागतं, आणि घासलं की डेकवरच्या लाकडी फळ्यांच्या रेषा, साखळ्या, खुंट्या सगळं पुसलं जातं. म्हणून तिथे नख अडकतं का ते आधी बघा. नखाइतकी फट संपूर्ण लांबीभर असेल तर नव्या माणसाने त्या किटला हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

डेक दोन-तीन तुकड्यांत दिला असेल तर जोड कुठे पडतो ते बघा. चांगला साचा करणारा तो जोड तोफेच्या बुडाखाली किंवा लाटा अडवणाऱ्या आडव्या भिंतीखाली लपवतो. बेफिकीर करणारा तो मोकळ्या डेकच्या मधोमध सोडून देतो.

पृष्ठभाग

दिवा घालवा आणि मोबाइलचा टॉर्च हलच्या बाजूला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश पाडा. वरून पडणाऱ्या उजेडात जे दिसत नाही ते सगळं सावल्यांमुळे उठून दिसतं. आतून जाड पट्टी असलेल्या जागी बाहेर हलकी खळगी पडते. प्लॅस्टिक थंड होताना आत ओढलं जातं म्हणून ती होते. ती पुट्टीने भरता येते. गोल ठसे दिसतात ते साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या खिळांचे. आतल्या बाजूला असले तर सोडून द्या, पण डेकभोवतीच्या उभ्या पत्र्याच्या दर्शनी बाजूला असले तर मोजून ठेवा, कारण तेवढ्या अडचणीच्या जागी पॉलिश पेपर पोचवणं जिकिरीचं असतं. कडेची पापुद्री, म्हणजे फ्लॅश, धारदार ब्लेडने निघते. ती खूप असेल तर साचा झिजलेला आहे एवढं समजा. साच्याचे दोन भाग एकमेकांवर नीट बसले नसतील तर गोल काठी दोन सरकलेल्या अर्धगोलांसारखी दिसते. हा दोष तोफांच्या नळ्यांत बघा, बाकी ठिकाणी चालतो.

जाडीचा हिशेब

मला सगळ्यात जास्त आनंद या भागात मिळतो, कारण इथे साध्या गुणाकाराने साचा करणाऱ्याचं कसब उघडं पडतं. प्लॅस्टिकची कुठलीही जाडी मोजा आणि स्केलने गुणा. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा सातशेमध्ये ३५ सेंटिमीटर जाडीचा होतो, साडेतीनशेमध्ये साडेसतरा. म्हणजे डेकच्या कडेला जो पातळ लोखंडी पत्रा खलाशाला वाऱ्यापासून आडोसा देत होता, तो मॉडेलमध्ये किल्ल्याची भिंत होऊन बसतो. पाच फूट सात इंचांचा माणूस सातशेमध्ये जेमतेम अडीच मिलिमीटर उंच असतो. तो मनाने त्या भिंतीशेजारी उभा करून बघा, म्हणजे कुठली जाडी खपेल आणि कुठली खुपेल ते आपोआप कळतं.

म्हणूनच डेकभोवतीचे कठडे प्लॅस्टिकमध्ये नसले तर तो दोष मानू नका. दोन-तीन सेंटिमीटरचा खरा खांब सातशेमध्ये मिलिमीटरच्या पंचविसाव्या हिश्शाएवढा होतो, आणि तेवढं बारीक साच्यात ओतता येत नाही. ते काम पितळेच्या पातळ पत्र्यावर आम्लाने कोरलेल्या भागांचं, ज्याला सगळे फोटो-एच म्हणतात. काही किटांत ते मिळतं, काहींसाठी वेगळं घ्यावं लागतं. पहिल्या जहाजाला ते लावूच नका.

क्रेन आणि जाळीच्या काठ्या बघा. जाळीची भोकं आरपार आहेत की भरीव पाटीवर नुसत्या रेषा कोरल्या आहेत? भरीव असेल तर तेवढ्यापुरतं फोटो-एच घ्यावं लागेल, तो खर्च आत्ताच धरा. मग तोफा. पुतण्याने एकदा भिंगातून बघत विचारलं, “काका, या तोफीच्या तोंडाले भोक काहून नाही?” प्रश्न अगदी बरोबर होता. यामातोच्या मुख्य तोफांचं तोंड ४६ सेंटिमीटरचं, म्हणजे साडेतीनशेमध्ये १.३ मिलिमीटर. तेवढं भोक सरकत्या साच्याने पाडता येतं आणि चांगल्या कंपन्या पाडतात. सातशेमध्ये ते पाऊण मिलिमीटरच्याही आत येतं, तिथे बंद तोंड मी माफ करतो. हाताच्या बारीक ड्रिलने ते आपल्याला पाडता येतं.

भागांच्या संख्येवर भुलू नका. खोक्यावर मोठ्या अक्षरांत भागांचा आकडा छापतात, पण सातशेमधली एक छोटी विमानविरोधी तोफ सहा तुकड्यांत देणं ही मेहेरबानी नाही. तीच एका तुकड्यात नीट ओतलेली असेल तर जास्त सुबक दिसते आणि तुमची बोटंही वाचतात.

जहाज कोणत्या सालचं?

युद्धनौका आयुष्यभर एकसारखी राहत नाही. दुरुस्तीला गेली की तोफा बदलतात, काठ्या बदलतात, रंग बदलतो. म्हणून खोक्यावर साल लिहिलेलं असेल तर आतले भाग त्या सालाशी जुळतात का ते बघा. यामातो डिसेंबर १९४१ मध्ये नौदलात दाखल झालं तेव्हा त्यावर १५.५ सेंटिमीटरच्या तिहेरी तोफांचे चार बुरूज होते: एक पुढे, एक मागे, दोन दोन्ही कुशींना. १९४४ मध्ये कुशींवरचे दोन काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या. ७ एप्रिल १९४५ ला ते बुडालं तेव्हा दोनच बुरूज होते. किट १९४५ चं म्हणत असेल आणि कुशींना बुरूज असतील तर ते सरळ चूक आहे. बिस्मार्कच्या अंगावरचे काळे-पांढरे तिरपे पट्टे तर सगळ्यांना आवडतात, पण मे १९४१ मध्ये अटलांटिकमध्ये शिरण्याआधी नॉर्वेच्या किनाऱ्याला ते राखाडी रंगाखाली झाकले गेले. पट्ट्यांसकट शेवटची लढाई दाखवणारं खोक्यावरचं चित्र देखणं असतं, खरं नसतं.

आपल्या नौदलाचं उदाहरण मला फार प्रिय आहे. आयएनएस दिल्ली म्हणजे आधीची अकिलीस ही युद्धनौका. १३ डिसेंबर १९३९ ला दुसऱ्या महायुद्धातल्या रिव्हर प्लेटच्या लढाईत ती होती, आणि १९४८ मध्ये ती भारताकडे आली. १९३९ मध्ये तिच्यावर दुहेरी तोफांचे चार बुरूज होते. जानेवारी १९४३ मध्ये मागच्या दोनांपैकी वरच्या बुरुजावर बॉम्ब पडला, आणि तो पुढे काढून टाकला गेला. भारतात आली ती तीन बुरुजांची. म्हणजे १९३९ च्या लिअँडर वर्गाच्या (अकिलीस ज्या वर्गातली त्या) किटमधून दिल्ली करायची तर एक बुरूज बाजूला ठेवावा लागेल आणि त्या जागेचं काम स्वतः करावं लागेल. हे आधी माहीत असेल तर ते किट सुंदर आहे. माहीत नसेल तर तयार झालेलं जहाज ना धड अकिलीस, ना धड दिल्ली.

पूर्ण हलचं किट असेल तर खालीही नजर टाका. बिस्मार्कला तीन पंखे आणि शेजारी-शेजारी दोन सुकाणू, यामातोला चार पंखे आणि एकामागे एक दोन सुकाणू. त्यातला पुढचा लहान. तेवढं जुळलं की पुरे.

कागद आणि डिकल

माहितीपत्रक एकदा पूर्ण वाचा. बाणाचं टोक नेमक्या कोणत्या खाचेत जातं हे चित्रात कळत नसेल तर जोडताना तुम्ही हमखास चुकाल. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रं, पिवळे पडलेत का, झेंड्याचे रंग एकमेकांवरून सरकलेत का बघा. आपल्या पावसाळ्यात ते चिकटून बसतात, म्हणून लगेच कोरड्या वहीच्या पानांत ठेवा.

ठेवायचं की परत करायचं

एक कोरा कागद घेऊन मधोमध रेष ओढा. डावीकडे सुधारता येणारे दोष लिहा, उजवीकडे न सुधारणारे: माप, पीळ, चुकलेला आकार, डेकच्या कडेची पूर्ण लांबीची फट, गहाळ भाग. गहाळ भाग विक्रेता पाठवत असेल तर तो डावीकडे सरकवा. उजवी बाजू रिकामी असेल तर डावीकडे वीस ओळी असल्या तरी किट ठेवा. उजवीकडे काही उतरलं असेल तर पट्टी शेजारी ठेवून त्याचा फोटो काढा आणि त्याच दिवशी कळवा. मी एकदा ‘बघू उद्या’ म्हणत सोयाबीनच्या सोंगणीत अडकलो, मुदत टळली, आणि विक्रेत्याने फोटो बघायलाही नकार दिला.

ठेवायचं ठरलं तर भाग कापण्याआधी स्प्रू भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, साच्याचं तेल गेलं नाही तर रंग धरत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा द्या, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. सावलीत वाळवा. आणि खोकं माळ्यावर टाकू नका. टिनाखालचा माळा उन्हाळ्यात भट्टी असतो. माझी सगळी जहाजं मातीच्या भिंतीच्या मधल्या खोलीत, पलंगाखाली, हल सपाट आणि वर काहीही न रचता ठेवलेली असतात.